हिरव्या अँबॅसिडरसाठी पॉलिश शोधत: बेळगाव ते बंगळूर

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही सहल. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. ते चालू लागले, बोलणंही सुधारलं, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि दवाखाना सोडला तर ते घराबाहेर पडत नव्हते. दारातल्या आमच्या गडद हिरव्या अँबॅसिडरवर पांढुरका थर चढला होता. तिचा रंग कारखान्यातून आला तोच, मूळचा. पूर्वी दर रविवारी बाबा तो स्वतःच्या हाताने चमकवत. आता भाड्याच्या टुरिस्ट गाड्या चालवणारा एकजण ती विकत घेऊन पांढरी रंगवायला तयार होता.

"देऊन टाकू," बाबा म्हणाले. "आता कोण बघणार तिच्याकडे?"

मी बघणार होते. दादाने अमेरिकेहून येताना पॉलिशचं एक यंत्र आणलं होतं, रँडम ऑर्बिटल म्हणतात ते. गॅरेजमधल्या यंत्राची चकती एका जागी गरगर फिरते आणि हात जरा चुकला की रंग जाळते. आमच्या बॉनेटच्या कडेला तसाच रंग उडून खालचा प्रायमर उघडा पडला होता. दादाच्या यंत्राची चकती फिरता फिरता डगमगते, त्यामुळे जुना, पातळ झालेला रंगही सांभाळून घेते. अडचण एकच होती. त्यावर चालेल असं पॉलिश बेळगावात मिळेना. गॅरेजवाल्यांची जाड पेस्ट लावली की ती लगेच वाळायची, पांढरी पूड उडायची आणि पत्रा होता त्याहून धुरकट व्हायचा.

"बंगळूरला जाऊ, आत्याकडे राहू," मी म्हटलं. "तिथेही जमलं नाही तर द्या गाडी. मी अडवणार नाही."

टुरिस्टवाल्याला थोडं थांबायला सांगून मी आणि बाबा पहाटे निघालो, यंत्र डिकीत आणि स्टीअरिंगवर मी.

तेव्हाचा हायवे दोनच पदरी होता. धारवाड, हुबळीपर्यंत बरं चाललं, पुढे हावेरीनंतर ट्रकांच्या रांगा लागल्या. कोणी त्या काळातल्या गाडीने हा रस्ता करणार असेल तर ओव्हरटेकची घाई करू नये, एवढंच सांगेन. दावणगेरेला बेण्णे दोसा खाल्ला. लोण्याने निथळणारा आणि इतका स्वस्त, की आम्ही दोघांनी दुसराही मागवला. चित्रदुर्गाच्या पुढे मोठमोठे खडक आणि मोकळ्या टेकड्या, तेव्हा तिथे पवनचक्क्या नव्हत्या. तुमकूरला रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबलो तेव्हा लोक गाडीकडे बघत होते, तर बाबांनी काच वर केली.

सुमतीआत्या बाबांची धाकटी बहीण. तिच्या सासरची मंडळी कित्येक पिढ्यांपासून बंगळूरकर. बसवनगुडीतल्या त्यांच्या घरात मराठी बोलली जाते, पण कानडीच्या हातात हात घालून. संध्याकाळी पोचलो तेव्हा ती फाटकातच उभी होती.

"अण्णा, पहिलं स्वल्प कॉफी घे," ती म्हणाली. मग गाडीकडे बघून, "ही इतकी कशी गं सुकली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने जे. सी. रोड गाठला. गाडीच्या सामानाच्या दुकानांची तिथे रांगच आहे. यंत्र अमेरिकेतल्या विजेवर चालणारं, म्हणून आधी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला. तो एवढा जड, की रिक्षावाल्याने त्याचं वेगळं भाडं मागितलं. मग पॉलिश. एका मोठ्या दुकानातल्या मालकांनी चकचकीत बाटली पुढे केली.

"मशीनला काहीही चालतं, मॅडम. हे लावा, आरशासारखी होईल."

आणि खरंच झाली. आत्याच्या पोर्चमध्ये, सावलीत, डिकीचा एक चौकोन चमकू लागला. बाबा खुर्ची ओढून जवळ आले. कितीतरी महिन्यांनी ते हसले. मला मात्र दादाने फोनवर बजावून ठेवलं होतं, की चमक दिसली तरी पाण्यात थोडं स्पिरिट मिसळून पुसून बघ. मी पुसलं. बारीक ओरखड्यांची सगळी जाळी जशीच्या तशी वर आली. त्या बाटलीत मेण आणि तेलच होतं. त्याने ओरखडे काढले नव्हते, नुसते बुजवले होते.

बाबा उठले. "मला माहीत होतं," म्हणाले आणि आत गेले.

रात्री जेवायला बसलो. आत्याने बिसीबेळे भात वाढता वाढता विचारलं, "उद्या जाणार?"

"दुकानात," मी म्हटलं. "घरी नाही."

दुसऱ्या दिवशी जे. सी. रोडवरची दुकानं पालथी घातली, मग जयनगरात रंगाच्या एका दुकानात गेले. आता मला काय विचारायचं ते कळलं होतं. घासणारे कण किती बारीक? मेण आहे का? लावल्यावर किती वेळ ओलं राहतं? बहुतेकांनी खांदे उडवले. जयनगरच्या दुकानदारीण बाईंनी मात्र डबे उघडू दिले. मी बोटांच्या चिमटीत घासून बघत होते. एक खरखरीत, एक मध्यम, एक जवळजवळ सायीसारखं.

"सरी, ठीक आहे, तिन्ही न्या," त्या म्हणाल्या. "पण आधी सगळ्यात मऊ लावा. ते पुरलं नाही तरच पुढचं."

डिकीवर चिकटपट्टीने तीन भाग केले. खरखरीत पॉलिशने ओरखडे गेले, पण धुकट वलयं उरली. चकतीची हालचाल इतकी लहान, की जाड कणांचे माग तिला पुसता येत नव्हते. मध्यमाने काम केलं, वर हलकं धुकं ठेवलं. सायीसारखं पॉलिश मी फोमच्या पॅडवर अगदी थोडं घेतलं, यंत्र हळू सरकवलं, परत फिरवलं, आणखी एकदा फिरवलं. ते ओलंच राहिलं, पूड उडाली नाही. पॅड उलटून बघितलं तर हिरवंगार.

"थांब, रंग निघतोय," बाबा दारातून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

"वरचा मेलेला थर आहे, बाबा. या रंगावर दुसरा पारदर्शक थर नसतो, म्हणून पॅडला थोडा रंग लागणारच."

मी स्पिरिटने पुसलं. ओरखडे परत आले नाहीत. खालून जो हिरवा आला तो मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. बाबा वाकून बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला, उजवा.

"दे इकडे."

"अण्णा, नको. हात थरथरतो तुझा," आत्या म्हणाली.

"थरथरू दे. ते यंत्रही थरथरतंय."

मी स्टूल आणलं. बाबा मागच्या दरवाजासमोर बसले आणि यंत्र पत्र्यावर टेकवलं. मी हात धरायला तयारच होते, पण गरज पडली नाही. गॅरेजच्या यंत्रासारखं ते हाताला ओढत नव्हतं, आपल्या वजनाने बसून राहत होतं. खांद्याच्या खालचा भाग त्यांचा, छप्पर आणि बॉनेट माझं, अशी वाटणी झाली. वीज गेली की कॉफी, आली की काम. बॉनेट फार खराब होतं म्हणून तिथे आधी मध्यम, मग मऊ लावलं. प्रायमर दिसत होता त्या कडेला मी जाऊ लागले तेव्हा बाबांनी थांबवलं.

"तिथे आता काही उरलं नाही. राहू दे तसंच."

निघायच्या आदल्या संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर स्वतः चालत गेले आणि टुरिस्टवाल्याला नाही म्हणून सांगून आले. आम्हाला नंतर, भाजी निवडताना सांगितलं.

परतीच्या वाटेवर धूळ होती, डिझेलचा धूर होता, राणेबेन्नूरजवळ थोडा पाऊसही लागला. पाण्याचे थेंब बॉनेटवर गोल होऊन पळत होते. घरी पोचेपर्यंत दोघंही दमून गेलो होतो.

अशा गाडीसाठी पॉलिश शोधणाऱ्यांना मी आजही तेच सांगते. मऊपासून सुरुवात करा, लहान तुकड्यावर बघा, पुसून खात्री करा, आणि रंग जितका कमी काढता येईल तितका कमी काढा. जुना रंग परत मिळत नाही. आम्हीही पुढे ते यंत्र क्वचितच लावलं. बाबांचा हात पूर्ण बरा झाला नाही.

पण परतल्याच्या दुसऱ्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"कॅम्पातून एक फेरी मारू," म्हणाले.

त्यांनी काच पूर्ण खाली केली. पोस्टाजवळ त्यांचा एक जुना मित्र उभा होता. बाबांनी उजवा हात खिडकीबाहेर काढून वर केला. तो अर्ध्यावरच थांबला. मित्राने तिथूनच हात हलवला, आणि मी गाडी आणखी हळू केली.