जगूदादाने पुसलेला शॉट

जगूदादा गेल्याचं मला मिरा रोडला पूनम सागरच्या बाजारात भाजी घेताना फोनवर कळलं. भारतीवहिनी, त्याची बायको, एवढंच म्हणाली, "संध्या, हे सकाळी उठलेच न्हाय गं..." भाजी तिथेच टाकून मी भाईंदरला त्यांच्या गावातल्या घरी गेले. दुपारी बायकांमध्ये बसलेली असतानाच आमच्या स्टुडिओने त्याच्यावरचा व्हिडिओ टाकला. ऑफिसच्या गणपतीत तो नाचला होता ते दृश्य मंद गतीत, मागे पियानो, खाली अक्षरं : 'आमच्या कुटुंबाचा आधारस्तंभ'. देह अजून घरात होता. कुणीतरी मोबाइल वहिनीपुढे धरला. तिने पाहिलं आणि तोंड फिरवलं. काही आठवडे झाले, तरी तिचं ते फिरवलेलं तोंड डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून मी लिहितेय ते गोडगोड होणार नाही.

जगन्नाथ म्हात्रे, आमचा जगूदादा, मिरा रोडला बेव्हर्ली पार्कजवळच्या एका स्टुडिओत व्हिडिओ एडिटर होता. वडील मिठागरात राबलेले. मी त्याच्याच शेजारी बसून काम शिकले. तेव्हा शूटिंग हार्ड डिस्कवर यायचं, कॉपी करण्यात अर्धा दिवस जायचा आणि कुठली डिस्क कुणाकडे यावरून भांडणं व्हायची. मग सरांनी, म्हणजे मालकांनी, सगळ्यांसाठी एकच स्टोरेज घेतलं. काचेच्या कपाटात घुमत बसलेली एक काळी पेटी, आणि तिच्यातून प्रत्येकाच्या मशीनला गेलेली वायर. सगळं शूटिंग एका जागी. एकाच वेळी कितीही जणांनी त्यावर काम करावं. तिची व्यवस्था जगूदादाकडे आली. त्याने आम्हाला बोलावून सांगितलं, "आता एका ताटात जेवायचंय. हात धुऊन बसा." आम्ही हसलो. पण सगळ्यांचं सगळं सगळ्यांना दिसायला लागलं, आणि माणसं काय काय उघडून बघतात तेही कळायला लागलं. शूटिंगमध्ये कुणी पदर सावरत असेल, कुणी रडता रडता नाक शिंकरत असेल, ते तुकडे काढून आमच्यातले काहीजण जेवणाच्या सुट्टीत खिदळत बघायचे. जगूदादा डबा उचलून जिन्यात जाऊन बसायचा.

तेव्हा आम्ही अपघातात माणूस गमावलेल्या घरांच्या कहाण्यांची मालिका करत होतो. जवळच्याच वरसावा गावातल्या एका बाईचा नवरा घोडबंदर रोडवरच्या अपघातात गेला होता. मुलाखत तिने धीराने दिली. संपल्यावर माइक काढायला माणूस पुढे झाला आणि ती कोसळली. कॅमेरा चालूच होता. ते लक्षात आल्यावर ती हात जोडून म्हणाली, "ह्ये नका दाखवू. पोरं शाळेत जातात माझी." जगूदादाने एपिसोड जोडताना तो शॉट घेतला नाही. पण मूळ शूटिंग त्या पेटीत होतंच, आणि वरच्या मजल्यावर प्रोमो करणाऱ्यांनाही ते दिसत होतं. त्यांनी नेमका तोच उचलला. प्रोमोची सुरुवातच तिच्या जोडलेल्या हातांनी आणि त्या वाक्याने केली... ती नको म्हणत होती, तेच विकायला काढलं.

ती बाई दिराला घेऊन स्टुडिओत आली. सरांनी चहा मागवला, मान हलवली, "काढून टाकतो ताई, शब्द देतो," म्हणाले. ती लिफ्टमध्ये शिरली आणि सर आमच्याकडे वळून म्हणाले, "नेक्स्ट प्रोमोमध्येपण हाच ठेवा. पब्लिकला लागलाय." कपबशा अजून टेबलावर होत्या. जगूदादा आपल्या मशीनवर जाऊन बसला आणि आमच्या देखत तो शॉट आधी स्टोरेजमधून, मग बॅकअपमधून पुसून टाकला. सर ओरडले, "स्टोरेज काय तुझ्या बापाचं आहे?" ऑफिसात जगूदादा गावची बोली कधी बोलायचा नाही. त्या दिवशी शांतपणे म्हणाला, "न्हाय. पन ती बाईपन तुमच्या बापाची न्हाय."

दोन-तीन दिवसांनी, शॉट काढला हे तिला सांगावं म्हणून तो वरसाव्याला निघाला, मलाही घेऊन गेला. तिने आम्हाला घरात घेतलं नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "लोकांच्या फोनवर तर फिरतोय अजून." जगूदादा "हो" म्हणाला. परत येताना त्याने खाडीवरच्या पुलाजवळ स्कूटर थांबवली आणि चष्मा काढला. काचा पुसत म्हणाला, "लोकांच्या फोनातलं पुसायची सोय न्हाय आपल्याकडं."

त्यानंतर स्टोरेजची व्यवस्था त्याच्याकडून काढून घेतली. एसीच्या यंत्राशेजारची, पूर्वी सामान ठेवायची खोली त्याला दिली. तिथे पेटीची वायरही नेली नाही. लग्नांची शूटिंगं डिस्कवर घेऊन तो एकटा जोडत बसायचा. "सोडून का देत नाहीस?" मी एकदा विचारलं. म्हणाला, "सोडलं की ह्यांना वाटेल, जिंकलो." आणि पुन्हा कुठल्याशा हळदीच्या गाण्यात शिरला. त्याच खोलीत त्याची शेवटची वर्षं गेली. ज्यांनी त्याला तिथे बसवलं, त्यांनीच त्याला आधारस्तंभ केलं. त्या व्हिडिओवर स्टुडिओच्या नावाची पाटीही लावली.

गेल्या आठवड्यात भारतीवहिनी त्याचं सामान न्यायला आली. खुर्चीवरची उशी, पाण्याची बाटली, चष्मा. खिळ्याला त्याचा हेडफोन अडकवलेला होता, तो तिने डोक्यावर चढवून पाहिला. जगूदादाचं डोकं मोठं. हेडफोन घसरून तिच्या मानेवर आला. त्या खोलीत पहिल्यांदाच ती जराशी हसली. तेवढ्यात दारातून मॅनेजर म्हणाला, "भाभी, वो हेडफोन कंपनी का है."

वहिनीने तो काढला, कानाला लागतो तिथे पदराने पुसला आणि परत खिळ्याला अडकवला.

आता तो मी वापरतेय. जगूदादाच्या मापाची पट्टी मी आवळलेली नाही. मान जरा वळवली की घसरतो, मग एका हाताने धरून काम करावं लागतं. फार हळू होतंय, असं सर दोनदा येऊन सांगून गेले. होऊ दे.