भंगारात न गेलेले धवले

"हा डबा भंगारात दे," असं भावाने सांगितलं तेव्हा तो माझ्याच खुर्चीत बसून माझाच चहा पीत होता. डबा म्हणजे माझा कॉम्प्युटर. पडद्यावर सूचना आली होती, की नवी सिस्टिम या मशीनवर चढणार नाही आणि जुनीला यापुढे कुणी वाली नाही. शीळफाट्याची जमीन बिल्डरला दिल्यापासून भावाला नवं आणि मोठं याखेरीज काही दिसत नाही. "चांगली पेन्शन घेतेस, मग हे भिकेचे डोहाळे कशाला?" म्हणाला.

मला असा संताप आला! कीबोर्ड चालतो, पडदा चालतो, मीही चालते. ठाण्याच्या एका कचेरीत मी टायपिंग करून निवृत्त झाले, आमच्या आगरी घरातली नोकरीला जाणारी पहिली मुलगी. कुणीतरी कुठेतरी बसून ठरवणार आणि मी माझी धडधाकट वस्तू उकिरड्यावर टाकणार? अजिबात नाही.

शिवाय मला घाई होती ती वेगळीच. माझी आत्या धवलारीण. आमच्याकडे लग्नाचे विधी धवले गाऊन लावणारी बाई ती धवलारीण, आणि मानपाड्याच्या आमच्या आळीत ही एकटीच उरलेली. तिचा गळा बसत चालला होता. इकडे भावाच्या मुलीचं लग्न ठरलेलं, आणि त्याने डीजेला सुपारी देऊनसुद्धा टाकलेली. धवले कागदावर उतरले नसते तर आत्याबरोबरच गेले असते. मोबाइलवर आवाज धरून पाहिला होता, पण तिच्या तोंडाचं झालेलं बोळकं, शब्द कळेनात. समोर बसवून, विचारून विचारूनच टाइप करायला हवे होते.

मग मी वाचत सुटले. लिनक्स नावाची फुकट सिस्टिम पेनड्राइव्हवर घालता येते आणि मशीनमध्ये काही न बसवता नुसती चालवून बघता येते, हे कळलं. दुकानात साडी अंगावर टाकून बघतो, तसं. पेनड्राइव्ह तर घरातच लोळत होते. आधी जुने फोटो आणि कागद दुसरीकडे काढून ठेवले. मग कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून सुरू केला आणि 'बसवा' सोडून 'वापरून बघा'वर क्लिक केलं. पडदा उजळला. आवाज येतो का, वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखतो का, सगळं तपासलं. मराठी कीबोर्डही सापडला. या वयात मला नाचावंसं वाटलं.

लगेच आत्याला बोलावलं. ती गायला लागली, मी टाइप करत गेले, फाइल समोरच डेस्कटॉपवर सेव्ह केली. वार होता शुक्रवार. एमआयडीसीतल्या कारखान्यांची सुट्टी, म्हणजे दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा वार, हे आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मीच उत्साहाच्या भरात विसरले. आत्या पाठवणीच्या धवल्यावर आली आणि लाइट गेली.

परत आली तेव्हा पडदा कोरा करकरीत. फाइल गायब. नुसतं वापरून बघताना केलेलं काम मशीन बंद पडलं की पुसलं जातं, ते वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवायचं असतं, हे मला त्यानंतर वाचून कळलं.

भाऊ नेमका तेव्हाच टपकला आणि हसला. "फुकटचं ते असंच!" मी रडले, आणि रडता रडताच त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

आत्या मात्र जागची हलेना. "धवला मदीच सोरायचा नसतो गो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "नवरी उंबऱ्यातच उबी ऱ्हाते. पयल्यापासून घे."

"अगो, पण तुझा गळा?"

"गल्याचं मी बगते. तू तुजी मशीन बग."

आणि तिने खरंच पहिल्यापासून सुरुवात केली. मध्ये मध्ये कोमट पाणी पीत होती, आवाज फाटला तरी थांबत नव्हती. एकेक धवला झाला की मी तो दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकत होते. पुढे सवय झाल्यावर ती सिस्टिम मी मशीनमध्ये कायमची बसवली. कॉम्प्युटर आधीपेक्षा हलका चालायला लागला, हे भावाला मुद्दाम फोन करून कळवलं.

लग्नापर्यंत आत्याचा गळा टिकला नाही. हळदीच्या दिवशी तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. मग मी घरी छापलेले कागद आळीतल्या पोरींच्या हातात दिले. पहिली ओळ अडखळत निघाली, दुसरीला चाल सापडली. आत्या खुर्चीत बसून मांडीवर ठेका धरत होती आणि चुकलं की डोळे वटारत होती. डीजेवाला स्पीकरला टेकून ऐकत राहिला.

भाऊ माझ्याजवळ आला. डोळे लाल झालेले. "मला पण दे ना एक कागद," म्हणाला.

"भंगारातला आहे," मी म्हटलं. "चालेल?"

त्याने मान खाली घातली आणि हात पुढेच ठेवला.