केसरबाईच्या भुवईवरची खोक

केसरबाईच्या डाव्या भुवईवर बोटाच्या पेराएवढी एक जुनी खोक आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचं पुस्तक त्या खोकेपाशी येऊन अडलं.

केसरबाई पस्तीस वर्षं गिरणीच्या रीळ खात्यात होती. चाळिशीला आल्यावर ती चाळीतल्या प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली. वर्ग माझा होता. दिवसा हायस्कुलातल्या मुली आणि संध्याकाळी या बाया, असं माझं चालायचं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तरी मी तिला अगं-तुगं करते आणि ती मला ‘बाई, तुमी’ म्हणते. गिरणीतून सुटल्यावर तिनं तीन वर्षांत चार वह्या लिहिल्या आणि एक दिवस माझ्या पुढ्यात आणून टाकल्या.

“बाई, ह्याचं पुस्तक करायचं.”

“कोण वाचणार?”

“पयलं तुमी वाचा की.”

वाचलं. एका बैठकीत वाचलं. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता, पण पापण्यांवर बसणारा कापूस होता, यंत्रांच्या आवाजात नुसत्या ओठांच्या हालचालींवर चालणाऱ्या बायकांच्या चहाड्या होत्या, रिळांच्या पेटीत लपवलेली शेंगांची चटणी होती. मी म्हटलं, छापू. खर्चाचं बोलायला गेले तर म्हणाली, “ते माझं मी बघते. तुमी निस्त्या चुका बघा.”

चूक एकच होती, पण मोठी. पहिली वही चाळ आणि गिरणीची; दुसऱ्या वहीत ती मागं जाते आणि चोविसाव्या वर्षी विधवा होते. अक्कलकोटकडच्या खेड्यात नवरा, भीमा, तापानं जातो. ती थोरल्या जावेच्या घरात आहे. आणि पुढचं वाक्य : ‘नंतर मी सोलापूरला आले.’ झालं! जिनं गिरणीच्या फाटकावर अर्धं पान लिहिलं, तिनं या प्रवासाला चार शब्द दिले.

“कशी आलीस? का आलीस?”

“आले की. चालत.”

“आणि ही खोक? गिरणीत माणसं लावून घेणाऱ्या जॉबर मानसिंगनं विचारलं तेव्हा ‘लहानपणी पडले’ म्हणून सांगितलं, असं लिहिलंयस. खरं आहे का ते?”

ती उगीच पदर सारखा करायला लागली. “बाई, अक्का अजून जिती हाय.”

अक्का म्हणजे ती थोरली जाऊ, नागूबाई. बावन्नच्या दुष्काळात तीही विधवा होऊन सोलापुरात आली आणि केसरबाईच्या खोलीत राहिली. चोवीस वर्षं दोघी एका चुलीवर आहेत. नागूबाईला अक्षर येत नाही. ती दारात बसून विड्या वळते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनावते.

“त्या दिवसाचं आमी दोघी कधी बोललोच न्हाई,” केसरबाई म्हणाली. “आता मी लिवलं आन ती उठून गेली, तर मी कुणासंगं जेवू?”

यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी म्हटलं, “मग मी प्रस्तावना लिहीत नाही.”

“नगा लिवू,” ती म्हणाली.

छपाई सुरू झाली. भवानी पेठेतला सिद्धलिंगप्पाचा छापखाना म्हणजे लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापणारा. त्याच्याकडे अक्षरांचे खिळे इतके थोडे की चार पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडायचे, मग पुढची चार. दर चार पानांचं प्रूफ केसरबाईकडे जाई. ते नुसतं तपासून परत करायचं, तर ही विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये बसून मोठ्यानं वाचून दाखवी. माझ्याकडे यायचं तेव्हा त्यातून तंबाखू गळायचा.

मला वाटलं होतं, बायका भांडतील की आम्हाला पुस्तकात का घातलंस. भांडल्या, पण उलट कारणानं. लग्नपत्रिकेत नाव राहून गेल्यावर होतात तसे रुसवे सुरू झाले. शेजारची चिमाबाई तर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“नळावर तुला पयली घागर कोण भरू देत हुतं गं? पुस्तकात नळ हाय आन मी न्हाई?”

केसरबाईनं समासात चिमाबाई घातली. दुसऱ्या दिवशी आणखी तिघी घातल्या. सिद्धलिंगप्पा मला म्हणाला, “बाई, हे पुस्तक हाय का आहेराची यादी?”

असं करत करत एकोणतीस ते बत्तीस ही पानं आली. भीमा गेला, नंतर मी सोलापूरला आले, लहानपणी पडले. हेही तिनं बायकांत वाचलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मे महिन्याच्या उन्हात, माझं दार वाजलं. नागूबाई! चोवीस वर्षांत कधी माझी पायरी न चढलेली. घामानं निथळत होती.

“तुमीच खोडलं न्हवं मला?”

“काय खोडलं?”

“येड पांघरू नगा. काल केसरनं वाचलं. लहानपणी पडले म्हणं! ती खोक माझी हाय. मी दिलेली हाय!”

मी पाणी आणलं. तिनं उभ्यानंच तांब्या रिकामा केला.

“मी नाही खोडलं, नागूबाई. तिनं लिहिलंच नाही. तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“तुम्ही उठून जाल म्हणून.”

ती उंबऱ्यावर बसली. “ह्या वयात मी कुटं जाती? पाय हायत का मला?” जरा वेळानं आपणहून सांगू लागली. “माझ्या नवऱ्यानं बाजारातनं तिला लुगडं आणलं. तिचं फाटलं हुतं म्हणून. माझंबी फाटलं हुतं की. मी भाकरी करत हुते. हातातलं उलथनं फेकून मारलं, तिचं गाठोडं अंगणात टाकलं आन आतनं कडी लावली. कडी काढली तवा ती गेली हुती.”

“मग हे छापावं असं वाटतं तुम्हाला?”

“तिनं मला घरात घेतलं, ते हाय का वहीत?”

“आहे.”

“मग मी घालवली हे नसंल, तर तिनं घेतलं त्यात काय मोठं? जावंला कुणीबी घेतं. केवढं केलं तिनं, ते लोकांना कळाय नगो व्हय?”

छत्तीस वर्षं मी निबंध शिकवला, पण हे काही मला सुचलं नव्हतं. मी आपली खरं लिही, खरं लिही म्हणून केसरबाईच्या मागे लागले होते, नुसत्या हट्टानं.

“छापलं का ते?” नागूबाईनं विचारलं.

“आज दुपारी छापणार. लग्नसराई आहे, सिद्धलिंगप्पाला खिळे मोकळे हवेत.”

“मग बसलाय काय? उठा की!”

मला असं कुणी उठवून किती वर्षं झाली असतील! टांगा केला. छापखान्यात पोचलो तेव्हा चार पानं मशीनवर चढलेली होती. मी तपासलेलं प्रूफ पोचवायला आलेली केसरबाई बाकावर बसली होती आणि खिळे जुळवणारा ईरप्पा शाई लावत होता.

“थांबवा ते!” नागूबाई दारातूनच ओरडली.

“आजी, दोन लग्नं खोळंबल्यात माझी,” सिद्धलिंगप्पा म्हणाला.

“खोळंबू देत. मी लगीन झालेली बाई हाय, माझं ऐक. त्यात काय घाई करण्यासारखं नसतं.”

ईरप्पा शाईचा हात तोंडावर धरून हसला. त्याची मिशी काळी झाली.

केसरबाई उभी राहिली होती. “अक्का, तू हितं?”

“लिव. उलथनं फेकलं ते लिव.”

केसरबाईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चहाडी केली होती. मी नकारार्थी मान हलवली. मी काही केलं नव्हतं. केसरबाईचा हात भुवईकडे गेला.

“उलथनं न्हवतं,” ती हळूच म्हणाली. “पळी हुती.”

“उलथनं!”

“लागलं मला, अक्का. मला ठावं न्हाई व्हय?”

“फेकलं मी, मला ठावं न्हाई व्हय?”

“रगत डोळ्यात आलं तरी मला दिसत हुतं. पळी हुती, पितळंची.”

“भाकरी उलटाय पळी घेत्यात का गं कुणी? गिरणीत जाऊन सैपाक इसरलीस!”

अडतीस वर्षांचं मौन असं पळीवर येऊन फुटलं. दोघी भांडत होत्या आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मध्येच केसरबाईला हसू फुटलं. तिला बघून नागूबाईला.

“आजी,” ईरप्पा म्हणाला, “उलथनं का पळी, एक काय ते सांगा. मला खिळे काढायचेत.”

केसरबाई कागदाच्या गठ्ठ्यावर बसली आणि तिथंच लिहू लागली. नागूबाई डोक्यावर उभी राहून सांगत होती. मी एका अक्षराला हात लावला नाही. दीड पान झालं. लुगडं, गाठोडं, कडी, चालत आलेली वाट, सगळं आलं. शेवटी तिनं लिहिलं : ‘अक्का म्हणते उलथनं, मी म्हणते पळी. खोक दोघींची आहे.’

दोन्ही लग्नांच्या पत्रिका एक दिवस उशिरा निघाल्या. लग्नं लागली. परत जाताना टांग्यात दोघींचं उलथनं-पळी चालूच होतं. टांगेवाल्यानं उलथन्याची बाजू घेतली, तेव्हा केसरबाईनं त्याला पुढं बघून हाकायला सांगितलं.

पुस्तकाच्या पाचशे प्रती खोलीत येऊन पडल्या, त्या दिवशी नागूबाईनं त्या घेऊन आलेल्या ईरप्पाकडून आपलं पान कुठलं ते समजून घेतलं. मग विड्या बांधायचा दोरा घेऊन बसली आणि दोन दिवसांत प्रत्येक प्रतीत त्या पानावर एकेक दोरा घातला. पुस्तक घ्यायला कुणी आलं की ती स्वतः उघडून देते आणि बोट ठेवते. “पयलं हे वाच. ही मी.”

प्रस्तावना मी लिहिली. चांगली सहा पानांची आहे, सुरुवातीलाच आहे. ती कुणी वाचल्याचं अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही.