मोसंबीनंतर डॉक्टरांचा दंड

मंडळी, आज सकाळी माझी नात जिंकली!

ती फिजिशियन असिस्टंटचा कोर्स करून राह्यली. आज दवाखान्यात मला इंजेक्शन द्यायला तिच्या कॉलेजच्या सरांनी तिलाच उभं केलं. आतापर्यंत ती रबरी हातावरच शिकलेली. सुई उचलली अन् दोनदा परत ठेवली.

मला माझं ट्रेनिंग आठवलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी घनसावंगीला आरोग्यसेवक व्हायला गेल्तो. महिनाभर आम्ही मोसंबीत पाणी टोचलं अन् स्वतःला लई हुशार समजलो. मंग एक दिवस डॉक्टरांनी स्वतःची बाही वर केली अन् मला म्हणाले, "आता मला दे. दुखलं तर सांगीन, मी काही मोसंबी न्हाई."

बाकीचं शिकवणं विसरलो, तो दंड न्हाई विसरलो.

आज मी बाही वर केली अन् नातीला तेच वाक्य ऐकवलं. पोरगी हसली, तिनं सुई उचलली, अन् ती कधी आत गेली ते मला कळलंसुद्धा न्हाई!

घरी येऊन तिनं कॉलेजचा फॉर्म भरला. 'शिक्षणात सगळ्यात मोलाचं काय वाटलं?' या प्रश्नापुढं तिनं लिहिलं, "आजोबांचा दंड."

तुमच्यासाठी पहिली बाही कोणी वर केल्ती?