मंगलचा हेवा

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये, नव्या फ्रिजचा रिकामा खोका कुठं ठेवावा या विचारात उभी होते. फोन प्रकाशभावजींचा होता. प्रकाश म्हणजे माझे धाकटे दीर, मंगल त्यांची बायको. “वैनी, मंगल गेली,” एवढंच ते बोलले आणि थोडं थांबून, मी काही न विचारताच म्हणाले, “माझ्या हातावर डोकं होतं तिचं.” सकाळी कपडे वाळत घालताना डोकं दुखतंय म्हणून ती आत येऊन बसली. भावजींनी कपाळाला बाम चोळला, शेजाऱ्यांना रिक्षा आणायला सांगितलं, आणि रिक्षा दारात यायच्या आत सगळं संपलं. मेंदूतली शीर फुटली असं डॉक्टर नंतर म्हणाले. मी तिथंच जमिनीवर बसले. रडू आलं, खूप आलं... पण त्या रडण्याच्याही आधी, क्षणभरच, आत दुसरंच काहीतरी हललं. शेवटी तिचं डोकं नवऱ्याच्या हातावर होतं हे ऐकून मला तिचा हेवा वाटला. आयुष्यभर वाटत आला तसाच.

ती करमाळ्याजवळच्या एका खेड्यातून, मेंढरं राखणाऱ्या घरातून आमच्याकडं आली. मी सोलापुरातल्याच व्यापाऱ्याची मुलगी, बी.कॉम. झालेली. आमच्या ह्यांचं सिमेंट आणि लोखंडाचं दुकान तेव्हा नुकतं जोर धरत होतं, भावजी सूतगिरणीत फिटर होते. लग्नानंतर वर्षभरातच ती दोघं कुंभारीला कामगार वस्तीतल्या दोन खोल्यांत राहायला गेली. प्रकाशचं कसं व्हायचं, ही आमच्या घरातली कायमची काळजी. सणासुदीला सासूबाई माझ्याकडून जास्तीचा डबा भरून घेत. “तेवढाच त्यांना आधार,” म्हणत. मीही मन लावून भरायची. दुसऱ्याची कीव करताना आपण जरा उंच झाल्यासारखं वाटतं, ते मला तेव्हा आवडत असावं. ती उंची फार दिवस टिकली नाही. एका संध्याकाळी मी सहज त्या दोघांबरोबर मंगळवार बाजारात गेले आणि तिथंच ती ओसरली.

बाजार उठायच्या वेळेला ती दोघं जात. पाल आवरताना भाजीवाल्या हात सैल सोडतात, हे मलाही ठाऊक होतं. पण या दोघांची जायची रीतच निराळी. एका टोकाला पोचलं की दोघं वेगळी व्हायची. ती डाव्या बाजूनं, भावजी उजव्या बाजूनं, आणि मधल्या लिंबाखाली पुन्हा भेटायचं. मी मंगलबरोबर होते. ती वाकडी वांगी, एका बाजूनं सुकलेली मेथी असं काहीबाही घेत, बायकांशी दोन शब्द बोलत चालली होती, पण डोळे सारखे पलीकडं. लिंबाखाली भावजी आधीच उभे होते, हात पाठीमागं लपवून. तिनं पिशवी उघडून दाखवली, त्यांनी मागचा हात पुढं केला. हातात एक भलामोठा लाल भोपळा, अर्धा चेचलेला. ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. “हा घरी न्यायला गाडी करावी लागंल की,” म्हणाली. मग तो भोपळा दोघांनी मिळून एसटीपर्यंत, आणि उतरल्यावर घरापर्यंत उचलून नेला, कधी त्यांच्या खांद्यावर, कधी तिच्या कमरेवर. माझ्या स्वयंपाकघरात त्या आठवड्याला दुकानातला माणूस घरपोच देऊन गेलेली, एकही डाग नसलेली भाजी होती. ती आणताना कुणी हसलं नव्हतं.

काटकसर म्हटलं की माझ्यापुढं तोंड बारीक केलेली माणसं यायची. यांच्याकडं ती माणसं कधी दिसलीच नाहीत. गॅस वाचवायचा म्हणून आठवड्यातून एकदाच ज्वारीच्या कडक भाकरी करून ठेवायच्या. मंगल पातळ पातळ थापायची आणि भावजी शेजारी बसून फडक्यानं दाबत त्या खरपूस शेकायचे. रविवारची अख्खी सकाळ त्यात जायची. एकदा मी डबा घेऊन गेले तर दोघं चुलीपुढं बसल्यासारखी गॅसच्या शेगडीपुढं पाटावर बसलेली, घामानं निथळत, आणि गिरणीतल्या कुठल्या तरी मुकादमाची नक्कल चाललेली. मी दारात उभी आहे हे बराच वेळ त्यांना कळलंच नाही. आंघोळीचं पाणी पपईला जायचं, जुन्या चादरी दुहेरी करून त्यांचं अंथरूण व्हायचं, साडीचे काठ झिजले की ती उशांच्या अभ्र्यात जायची. यातलं काहीही एकटीनं ठरवलेलं नसायचं. “आमचं ठरलंय,” हे तिचं पालुपद. ते ‘आमचं’ माझ्या कानाला टोचायचं.

एवढं करून हे साठवतात कशासाठी, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. मुलीच्या शिक्षणासाठी असेल असं वाटायचं. रूपा, त्यांची एकुलती मुलगी, तिचं नर्सिंग त्यातूनच झालंही. पण ती शिकून पुण्याला नोकरीला लागली, लग्न झालं, तरी यांची राहणी बदलेना. एका दुपारी आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर शेंगांची चटणी कुटत बसलो होतो. आत भावजी तिसऱ्या पाळीवरून येऊन झोपले होते, म्हणून उखळात बत्तासुद्धा ती हळू टाकत होती. मी कुजबुजत विचारलं, आता कुणासाठी एवढं? ती कुटायची थांबली.

“आक्का, लगीन झाल्यापासनं मी झोपल्याला नवरा लई बघितला,” ती म्हणाली. “त्यो जागा झाला की गिरणीत जातो. आता मला जागा नवरा बघायचाय. पन्नाशी झाली की यांनी नोकरी सोडायची, असं आमचं ठरलंय.”

 दुसऱ्या कुणी घर मागितलं असतं, शेत मागितलं असतं, गळ्यातलं मागितलं असतं. ही बाई वर्षानुवर्षं वाकडी वांगी घेत होती ती नवऱ्याचे दिवस विकत घ्यायला. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मला वाटलं ते दुःख नव्हतं आणि राग तर नव्हताच. आपल्याला ही इच्छा कधी झालीच नाही, झाली असती तर आपण ती कुणाला सांगितली असती, असं काहीतरी...

सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. एका वर्षी आमच्या ह्यांनी त्यांच्याकडं नवा कूलर पाठवला, मनापासून पाठवला. भावाच्या तापलेल्या घरात रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपणार कसा, ही त्यांची काळजी खरी होती. महिनाभरानं मी गेले तर कूलर आतल्या खोलीत, दिवसापुरता. दोघं रात्री अजून वर गच्चीवरच झोपत होती. मी म्हटलं, अगं, आहे तर लाव ना रात्रीचा. ती म्हणाली, सुट्टीच्या रात्री तेवढं वर पडून आमचं बोलणं होतं, कूलरच्या आवाजात काय ऐकू येतंय. तिनं ते अगदी सहज सांगितलं. आमच्या बेडरूममध्ये तेव्हा एसी होता. त्याचा आवाज अजिबात येत नसे, आणि तरीही तिथं ऐकण्यासारखं काही नव्हतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा ह्यांना म्हटलं, सिद्धेश्वराला आज चालत जाऊ. ते म्हणाले, गाडी कशाला घेतलीय मग? एकदा म्हटलं, बाहेरचं जेवण नको, आपण दोघं मिळून काहीतरी करू घरी. त्यांनी स्वयंपाकाला बाई लावून दिली. माझा नवरा वाईट माणूस नाही, हे लिहायलाच हवं. मी कधी काही बोलले की ते थोडे दुखावून एकच विचारत, “तुला काय कमी आहे?” आणि कमी असं तर काहीच नव्हतं. मंगलकडं कितीतरी गोष्टी कमी होत्या. त्या भरून काढायला तिला रोज नवऱ्याची गरज लागायची आणि नवऱ्याला तिची. आमच्याकडं सगळं भरलेलंच होतं, मग एकमेकांचा हात कुठं लागणार?

पन्नाशी उलटली त्या वर्षी भावजींनी खरंच नोकरी सोडली. घरात मोठं वादळ झालं. हे चिडले, चांगला धडधाकट माणूस घरी बसतो म्हणजे काय, लोक मला नावं ठेवतील, म्हणाले. भावजी मान खाली घालून ऐकत राहिले आणि शेवटी “आमचं ठरलंय, दादा,” एवढंच बोलले. मग सकाळी दोन तास शिलाई मशिनी दुरुस्त करायच्या, तेवढ्यात तेल-मीठ निघायचं, आणि उरलेला सगळा दिवस दोघांचा. त्या दिवसात दोघं काय करत होती म्हणाल तर काही नाही. भावजी पेपर मोठ्यानं वाचायचे, ती शेंगा फोडत ऐकायची आणि मध्येच मंत्र्यांना शिव्या द्यायची. दोघं एसटीनं करमाळ्याला कमळाभवानीला जायची, तिच्या भावाकडं चार दिवस राहून मेंढरांच्या मागं हिंडून यायची. उन्हानं रापलेले दोघांचे चेहरे बघून मी घरी येऊन आरशात माझा गोरा, सुखवस्तू चेहरा बघत बसायची. मीही ह्यांना एकदा म्हटलं, तुम्ही पण थांबा आता. दुकान कोण बघणार, म्हणाले. खरंच होतं ते.

आमची शेवटची भेट ती जायच्या काही आठवडे आधीची. मी गेले तेव्हा दोघं एका ताटात डाळिंब सोलत बसली होती. भावजी दाणे काढायचे, ती त्यातले पांढरे पापुद्रे वेचायची. भावजी चहाला दूध आणायला गेले आणि आम्ही दोघीच उरलो. काय झालं कुणास ठाऊक, मी एकदम म्हणाले, “मंगल, मला तुझा हेवा वाटतो गं. पहिल्यापासून.”

मला वाटलं ती लाजेल, नाहीतर काहीतरीच काय आक्का म्हणून उडवून लावेल. तिनं हातातला पापुद्रा बाजूला ठेवला आणि माझ्याकडं नीट पाहिलं.

“ठावं हाय की मला,” ती म्हणाली. “लई बरं वाटायचं त्याचं.”

मी ताटाजवळ सरकले.

“अवो, सगळी आमची कीव करायची. मामंजी, आत्याबाई, मोठं भावजी, माझा भाव सुदिक. कीव करून करून माणसाला भिकारी करत्यात. तुमी तेवढ्या हितं येऊन बसायच्या आन तुमच्या डोळ्यात दिसायचं, की ह्या घरात कायतरी हाय. तुमी गेल्यावर मी यांना सांगायची, आक्कांना आज बी हेवा वाटला. मग आमी दोघं खूश.”

आणि ती हसली. मीही हसले, डोळे पुसत. ज्या गोष्टीनं मी इतकी वर्षं आतून जळत होते, तीच त्यांच्या घरात मान म्हणून घेतली जात होती. त्यातही दोघं वाटेकरी. मी गेल्यावर ती दोघं माझ्याबद्दल बोलत होती, या विचारानंसुद्धा परत हेवाच वाटला.

तेराव्याला ह्यांनी मोठं जेवण घालायचं ठरवलं होतं. मंडप, आचारी, सगळं सांगून झालं होतं. भावजींनी कधी नव्हे तो भावाचा हात धरला. तिला आवडायचं नाही दादा, म्हणाले, अन्न उरतं. वस्तीतल्या बायकांनी घरोघरी भाकरी भाजल्या, रूपानं भोपळ्याची भाजी केली, आणि ओट्यावर, रस्त्यावर बसून माणसं जेवली. शेवटी काही म्हणजे काही उरलं नाही. परतताना गाडीत मी ह्यांना विचारलं, मी गेले तर तुम्हाला माझं काय आठवेल? त्यांनी गाडी चालवता चालवता बराच विचार केला. “तू सगळं व्यवस्थित ठेवायचीस,” म्हणाले. त्यांच्या परीनं ती मोठीच शाबासकी होती. मी पदरानं डोळे टिपले. थोड्या वेळानं पाहिलं तर त्यांचेही डोळे भरलेले. पण ते कुणासाठी, मला विचारवलं नाही.

परवा मी कुंभारीला जाऊन आले. रूपा पुण्याला परत गेलीय, भावजी एकटेच असतात. माझ्याकडं येऊन राहा म्हटलं तर नको म्हणाले. चहा करतो म्हणून उठले. पातेल्यात पाणी मोजून घेतलं, साखर, चहापत्ती, ठेचलेलं आलं, दूध, कप, गाळणी, सगळं ओट्यावर ओळीनं मांडलं. मग काड्यापेटीतली काडी काढून हातात धरली आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं काही विसरलेत. नंतर ध्यानात आलं. मंगलचा कायदा होता तो, सगळं हाताशी आल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही, फुकट गॅस जाळायचा नाही. मांडामांड झाली की ती एकदा नजर फिरवायची आणि म्हणायची, “हं, लावा.” मगच ते काडी ओढायचे.

भावजी काडी धरून वाट बघत होते. ओट्यावर सगळं तयार होतं, कमी काही नव्हतं. दोन शब्द माझ्या अगदी ओठांवर आले. बोलले असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं कदाचित... पण ते शब्द तिचे होते. मी पदर आवरून गप्प बसले. थोड्या वेळानं भावजींनी स्वतःशीच मान हलवली आणि काडी ओढली.