मायक्रोवेव्हला चूल म्हणावे काय

आमच्या घरातला मायक्रोवेव्ह पहिल्यांदा चालला तो वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्याआधी त्याची रीतसर उलटतपासणी झाली.

हे यंत्र धाकट्या भावाने गणेशगुडीच्या एका लॉजमधून जुने म्हणून आणले होते. तीन वर्षे त्यात वडिलांचे रेशनकार्ड आणि गोळ्या राहत होत्या. (उंदरांना त्याचे दार उघडता येत नसे. तेवढा उपयोग सिद्ध झाला होता.)

सुतकात आमच्याकडे चूल पेटत नाही. खाणेपिणे भावकीतून येते. चहा ओढ्यापलीकडून काकी आणायची, पण थंडीच्या दिवसांत तो किटलीतच निवायचा. आई जन्मभर ओठ भाजणारा चहा प्यायलेली. कालपासून तिच्या पोटात काही नव्हते. गार चहाकडे एकदा बघून ती भिंतीकडे तोंड फिरवायची.

"काका, यात तापवू का?" मी विचारले. रीतीभातीत शेवटचा शब्द काकांचा.

"त्यात जाळ असतो?"

"नाही."

"धूर? राख?"

"नाही. लहरी असतात. त्या पाण्याच्या कणांना हलवतात, आणि हलून हलून ते तापतात."

काकांनी यंत्राकडे बराच वेळ पाहिले. "म्हंजे थंडीत आपण हात चोळतो तसं?"

इतके नेमके स्पष्टीकरण मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात नव्हते.

"मग ती चूल न्हवं. लाव."

मी लावले. काही झाले नाही. आतल्या फिरत्या काचेच्या ताटलीखाली माहितीपुस्तिका सापडली. ती मी पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

"आरं, वैनी उपाशी हाय," काका म्हणाले. "परीक्षा हाय काय तुझी?"

पान चार: दार नीट लागले नसेल तर यंत्र सुरू होत नाही. दार दाबले. आधी पाणी तापवून पाहावे, असेही लिहिले होते, म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत पाणी ठेवले. ताटली फिरू लागली. घुंऽऽ असा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा.

"दम घेतंय," काका म्हणाले.

मिनिटाने पाणी जेमतेम कोमट. पान सहा: यंत्र कमी शक्तीवर असेल तर ते असे थांबत थांबत चालते. मी शक्ती पूर्ण केली. आता प्रश्न भांड्याचा. धातू चालत नाही, आणि आमच्या घरात झाडून सगळी भांडी स्टीलची नाहीतर पितळेची. बाटलीला लोणच्याचा वास. राहता राहिला पाहुण्यांसाठीचा सोनेरी काठाचा कप.

"ह्यो सोन्याचा काठ?" काकांनी बोट दाखवले.

"सोने कुठले काका, नुसता रंग तो," मी शिकलेल्या माणसाच्या सुरात म्हणालो.

चौथ्या सेकंदाला कपाच्या काठावर निळ्यापिवळ्या ठिणग्या तडतडल्या. मी झडप घालून बटण दाबले. आतला पंखा मात्र घरघरत राहिला. (काम थांबल्यावरही तो थोडा वेळ चालतो. पान नऊ. हे मी नंतर वाचले.)

"जाळ न्हाई म्हणालास," काका शांतपणे म्हणाले. "बंद केलंस, तर आता आत कोण फुंकतंय?"

 वास घरभर पसरला आणि आई कालपासून पहिल्यांदा खोलीबाहेर आली.

"काय जाळलंस रं?"

"वैनी, पोरानं सुतकात चूल पेटवली," काकांनी फिर्याद मांडली.

आईने दार उघडले, कप बाहेर काढला, काळवंडलेला काठ पाहिला आणि चहात बोट बुडवले.

"चूल पेटली असती तर च्या तापला असता की."

काका विचारात पडले. "व्हय. हे बी खरं."

मग आईने उभ्याउभ्याच तो गार चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला आणि रिकामा कप माझ्या हातात दिला. सुतक मोडले नाही, असा निकाल झाला. पुरावा एकच होता, पण भक्कम होता: पुस्तिकेची सहा पाने वाचूनही मला एक कप चहा तापवता आला नव्हता.