सतरा आकडी क्रमांक

निफाडजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसचं काम मी आणि माझ्या मित्राने भागीत घेतलं होतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशकात कॉलेज रोडला एका झेरॉक्सच्या दुकानावर आमची खोली होती. वजनकाट्याकडून माहिती घेणारा प्रोग्राम मी सी प्लस प्लसमध्ये लिहिला, पडद्यावरचं पान त्याने जावास्क्रिप्टमध्ये. माझ्या प्रोग्राममधली माहिती त्याच्या पानाकडे पोचवणारा भाग आम्ही शेजारी बसून केला.

प्रत्येक पेटीला सतरा आकडी क्रमांक. माझ्याकडे तो अख्खा मावायचा. जावास्क्रिप्टमध्ये एवढा मोठा आकडा नीट मावत नाही. शेवटचा अंक बदलतो, आणि चूक झाली असं कुठे दाखवतही नाही. तपासताना आम्ही पेट्यांना एक, दोन, तीन असेच क्रमांक दिले होते. कंटाळा, दुसरं काय.

हंगामात लागोपाठच्या पेट्यांवर एकच क्रमांक छापून आला आणि पॅकहाउसच्या शेठचा कंटेनर अडला. कारण आम्हाला लगेच सापडलं. क्रमांक आकडा म्हणून न पाठवता मजकूर म्हणून पाठवायचा, एवढंच.

निफाडला जाताना बसमध्ये मित्र म्हणाला, "शेठना दोघं मिळून सांगू. शिव्या निम्म्या निम्म्या."

मला हलकं वाटलं.

पॅकहाउसात संगणकावर बसणाऱ्या मुलीवर शेठ आधीच तापले होते. "हिचं ध्यानच नसतं कामात. लय वेळा सांगितलं."

"टायपिंगचीच चूक दिसते, शेठ," मित्र म्हणाला. "आमच्याकडून सगळं ओके आहे."

"सर, मी आकडे टाकतच नाही. काट्यावरून येतात. मी फक्त एंटर दाबते." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. तिला काम मी शिकवलं होतं.

मी समोरचा चहा उचलला.

परतताना मित्राला म्हटलं, "दोघांनी सांगायचं ठरलं होतं ना?"

"मग बोलायचंस. तुझं तोंड कुणी धरलं होतं?"

दुसऱ्या दिवशी मी एकटाच जाऊन दुरुस्ती करून आलो. मुलगी घड कातरणाऱ्या बायकांत बसली होती. शेठ खूश. "बघा साहेब, ही हलली अन् लेबलं सुधारली." मी मान डोलावली.

हंगाम संपला तशी भागी मोडली. मित्राने मला फसवलं, हे मी सगळ्यांना सांगत आलो, बायकोलासुद्धा. त्यातून ती मुलगी मात्र मी दर वेळी वगळली.